झाकलेले देव

लवीनाच्या माघारी तिच्या खोलीत जायचं नाही, असं यशोदाबाईंनी स्वतःला बजावून ठेवलं होतं आणि गेले पाच महिने त्या ते पाळतही होत्या. आठवड्यातून एकदा केर काढायला तेवढं जावं लागे. आणि केर काढताना कुणी डोळे मिटून घेत नाही.

त्या शुक्रवारी सकाळी केरसुणी घेऊन त्या आत गेल्या आणि भिंतीवरच्या फळीकडं बघून जागीच थांबल्या. युवराजनं बायकोसाठी ठोकून दिलेल्या त्या फळीवर एक लाकडी क्रूस असे आणि शेजारी निळ्या पदराची वीतभर मूर्ती, येसूच्या आईची, जिला सून सायबीण म्हणायची. आज दोन्ही जांभळ्या कापडात पुरते गुंडाळलेले होते. मागून दोऱ्याची गाठ. कापड नवं, इस्त्री केलेलं.

देव झाकलेत म्हणजे सुतक. यशोदाबाईंना दुसरा अर्थ सुचायचं कारणच नव्हतं. सासरे वारले तेव्हा त्यांनीच देव्हाऱ्यावर पडदा ओढला होता आणि तेरा दिवस आतल्या देवांचं तोंड घरात कुणी बघितलं नव्हतं. दुःखात इस्त्री कोण करतं, हा प्रश्न त्यांच्या मनात डोकावला खरा. पण ही माणसं टापटिपीची असतात, असं उत्तरही त्यांनीच देऊन टाकलं.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. शिवरात्रीनंतर तीनच दिवसांनी, बुधवारी, सून बेळगावातून कपाळाला राख लावून आली होती. पोरगी देवळात जाऊन भस्म लावून आली म्हणून यशोदाबाई इतक्या हरखल्या की शेजारच्या जयाबाईंना सांगून मोकळ्या झाल्या. पण त्याच दिवसापासून लवीनानं मटण सोडलं. धुळवडीला अख्खं बेळगुंदी रश्श्यावर तुटून पडलेलं असताना ही बाई आमटी-भात खाऊन उठली. शुक्रवारी एकवेळ जेवायची आणि दिवसभर फोन बंद ठेवायची. काल संध्याकाळी निपाणीहून माहेरचा फोन आला, बराच वेळ हळू आवाजात बोलणं झालं, आणि आज पहाटे डोळे सुजवून ती स्टँडवर जायला युवराजच्या गाडीवर बसली. निपाणीला जाऊन येते, रविवारी संध्याकाळी परत येते, एवढंच म्हणाली. तिचा बाप इनास बार्देस्कर, तंबाखूच्या वखारीत जन्म काढलेला माणूस. दिवाळीत त्याच्या छातीचं मोठं ऑपरेशन झालं होतं.

यशोदाबाईंनी केरसुणी भिंतीला टेकवली आणि त्या चुलीकडं वळल्या.

वास्तविक सुनेला नुसतं विचारलं असतं तर काम भागलं असतं. यशोदाबाई बसमधल्या कंडक्टरला मुलं किती म्हणून विचारणाऱ्या बाई. पण घरात त्यांच्या तोंडाला कुलूप होतं आणि किल्ली नवऱ्याच्या खिशात. युवराज आणि लवीना आधी उद्यमबागेजवळ भाड्याच्या खोलीत राहात. दिवाळीनंतर ती दोघं घरी राहायला आली तेव्हा परशरामांनी जाहीर केलं होतं, की तुझा देव तुझ्या खोलीत, आमचा माजघरात, आणि कुणी कुणाला काही विचारायचं नाही. हे म्हणताना आपण फार मोठ्या मनाचे आहोत असं त्यांना वाटलं होतं. सूनही मान हलवून गप्प बसली. पाच महिने सगळं घर त्या मोठ्या मनाखाली दबून होतं.

परशराम शेताकडून आले तेव्हा चूल पेटलेली होती आणि यशोदाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळं सांगितलं. परशराम ऐकत उभे राहिले. पायातलं पायताण काढायचंही त्यांना भान राहिलं नाही.

"फोन लाव की तिला."

"बंद हाय. युवराजचा बी लागंना. कारखान्यात आत फोन नेऊ देत न्हाईत."

व्याह्याचा नंबर परशरामांकडं नव्हता. असता तरी ज्याच्याकडं लावायचा तोच गेला असेल, तर उचलणार कोण?

"सांगितलं का न्हाय पोरीनं?" ते म्हणाले.

यशोदाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली आणि पहिल्यांदाच नवऱ्याकडं सरळ बघितलं. "कुणाला सांगायचं? इचारायचं न्हाय म्हणून तुमीच ठरीवलं. मग सांगायचं बी न्हाय, आसं समजली आसंल ती."

परशरामांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि विचारलं, की किती भाकऱ्या झाल्या. लग्नाकार्याला बोलावल्याशिवाय जायचं नाही आणि मयताला बोलावण्याची वाट बघायची नाही, ही रीत बेळगुंदीत कुणी मोडत नाही, मग दारादारांत कितीही वैर असो. कडू घास घेऊन जायचाच. यशोदाबाईंनी पिठल्याचा डबा आणि दहा भाकऱ्या फडक्यात बांधल्या, साधं जुनं लुगडं नेसल्या आणि दोघं बेळगावच्या बसला उभी राहिली.

*

निपाणीची बस संकेश्वर ओलांडेपर्यंत परशराम एक शब्द बोलले नाहीत. यशोदाबाई मात्र बोलतच होत्या, पण त्यांच्याशी नव्हे. पुढच्या बाकावरच्या बाईला त्यांनी विचारून घेतलं होतं, की ख्रिश्चनांत मयत पुरतात की दुसरं काही करतात, आणि सुतक किती दिवसांचं. त्या बाईलाही माहीत नव्हतं. मग दोघींनी मिळून अंदाज बांधले.

परशराम खिडकीबाहेर बघत होते. दोन वर्षांपूर्वी याच रस्त्यानं ते जीप भरून लग्न ठरवायला गेले होते. इनासच्या डोक्याला भगवा फेटा त्यांनी स्वतःच्या हातानं बांधला होता. माणूस त्यांना आवडला होता. आणि महिन्याच्या आत, अक्षता आधी की चर्च आधी यावरून, चार लोकांत शब्दाला शब्द लागला. आमची पोरगी देवळात उभी राहणार नाही, असं इनास म्हणाले. तुमच्या उंबऱ्याला माझा पाय लागणार नाही, असं परशराम म्हणाले. शेवटी पोरांनी रजिस्टर लग्न केलं आणि दोन्ही बाप आपापला शब्द सांभाळत घरी बसले.

दिवाळीत इनासला बेळगावच्या दवाखान्यात आणलं होतं. बेळगुंदीपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर. बघायला या, असं कुणी म्हणालं नाही. परशराम एकदा गेलेही होते, खरं म्हणजे. घरात कुणाला माहीत नव्हतं. दवाखान्याच्या फाटकाबाहेर दहा मिनिटं उभे राहिले, शहाळी विकत घेतली आणि तीच शहाळी वाटेत बहिणीला देऊन परत आले. ती शहाळी आता त्यांच्या डोळ्यांपुढून हलेनात. माणूस जिवंत होता तेव्हा पायरी चढवली नाही, आणि आता भाकऱ्या घेऊन निघालोय. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि ती कुणाला सांगायची सोयही राहिली नव्हती.

"आवं," यशोदाबाई त्यांच्याकडं वळल्या, "निघताना 'येतो' म्हणायचं न्हाय, ध्येनात ठेवा. तुमची जीभ लई सैल हाय त्या बाबतीत."

ते खरंच होतं. परशराम कुठूनही निघताना तीनदा येतो म्हणत; एकदा जागेवरून उठताना, एकदा दारात आणि एकदा रस्त्यावरून. मयताच्या घरातून मात्र न बोलता उठून जायचं असतं. त्यांनी नुसती मान हलवली.

*

लवीना मागच्या पडवीत पेज ढवळत होती. बापाशी सकाळपासून तिचं जे चाललं होतं ते तिसऱ्यांदा सुरू करावं का, याचा ती विचार करत होती. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत कुणीतरी गळा काढला. त्यापाठोपाठ आईचा आवाज, तोही रडका.

ती धावत गेली. दारात सासू तिच्या आईच्या, फिलोमीनबाईंच्या, गळ्यात पडून रडत होती. आईही सासूला घट्ट धरून रडत होती आणि हुंदक्यांमधून विचारत होती, की काय झालं, काय झालं हो. मागं टोपी हातात घेऊन सासरे, आप्पा, उभे. आप्पा, या घरात. उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या भट्ट्या तिला माहीत होत्या, आणि युवराज रोज त्यांच्यासमोर उभा असतो.

"युवराजला काय झालं?" तिनं विचारलं.

"युवराजला?" यशोदाबाईंचं रडणं अर्ध्यावर थांबलं. "त्येला कशाला काय होतंय? तुझ्या बाबांना..."

त्यांनी भिंतींकडं हात केला. हृदयावर हात ठेवलेल्या येसूची मोठी तसबीर, कोपऱ्यातली सायबीण, दारावरचा क्रूस, सगळं जांभळ्या कापडाखाली. जे काही शंका म्हणून उरलं होतं ते त्या खोलीत पाऊल टाकताच फिटलं होतं.

आणि त्याच वेळी मागच्या दारातून, खांद्यावर ओल्या झावळ्यांचा भारा घेतलेले इनास बार्देस्कर आत आले. कोण रडतंय ते बघायला. पूर्वीपेक्षा निम्मे झालेले, सदऱ्याचं वरचं बटण उघडं, छातीवर लांब व्रण. परशरामांना बघून ते थबकले आणि भारा खाली ठेवायचं विसरून तसेच उभे राहिले.

परशराम दोन पावलं पुढं गेले. आधी त्यांनी इनासच्या दंडाला हात लावला, मग खांद्याला, बाजारात बैल पारखावा तसा. "हाय," ते बायकोला म्हणाले. "हाय गं माणूस." आणि दोन वर्षं ज्याचं नाव घरात काढलं नव्हतं त्या माणसाच्या खांद्यावर, ओल्या झावळ्यांवर, कपाळ टेकून ते रडले. इनासना काही कळलं नव्हतं. तरी त्यांनी मोकळ्या हातानं व्याह्याची पाठ थोपटली.

*

समजूत पटायला चांगला अर्धा तास लागला. लवीना आधी हसली, मग सासूच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, मग परत हसली. तोवर यशोदाबाईंच्या तोंडाचं कुलूप निघालं होतं आणि पाच महिन्यांचे प्रश्न रांगेनं बाहेर पडत होते. झाकायचं कशासाठी? जांभळंच का? मटण का सोडलं? आणि कपाळाला राख कसली, ती भस्म नव्हती तर?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इनासनी दिलं. ते जमिनीवर बसून झावळीच्या पात्या सोलत होते. बोलायला सोपं जावं म्हणून हातांना काम लागणाऱ्यांपैकी ते होते.

"डोळ्यांचा उपास म्हणायचा ह्येला. पोटाचा उपास कुणालाबी कळतोय. पर रोज समोर आसतंय ते बघून बघून सवय होतीया. मग बघतोय खरं, आन् दिसत न्हाय. म्हणून सणाच्या आधी दोन आठवडे झाकून ठेवायचं. सकाळी उठून हात जोडायचे, तर समोर नुसतं कापड. तवा आठवण येतीया, मागं कोण हाय त्येची."

"आन् उघडायचं कधी?"

"क्रूस शुक्रवारी, पुढच्या. त्येचं मरण त्या दिवशी. बाकीचं शनिवारी रात्री, उठतोय तवा."

जांभळ्याचं फिलोमीनबाईंनी सांगितलं. येसूला धरला तेव्हा शिपायांनी त्याची चेष्टा करायला त्याच्या अंगावर राजाचं जांभळं वस्त्र टाकलं, काट्यांचा मुकुट घातला आणि गुडघे टेकून मुजरे केले. म्हणून तोच रंग राजाचाही आणि पश्चात्तापाचाही. यशोदाबाईंनी हे दोनदा वदवून घेतलं. चेष्टा म्हणून घातलेलं कापड या माणसांनी दोन हजार वर्षं मानानं जपलं, हे त्यांना फार नवल वाटलं आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं.

"आणि राख?"

"ह्येची," लवीना म्हणाली आणि बापाच्या हातातली पाती दाखवली. परवा झावळ्यांचा रविवार. सगळे झावळ्या घेऊन चर्चला जाणार, त्यांचे क्रूस विणून वर्षभर घरात ठेवणार. वर्षानं त्या वाळल्या की परत द्यायच्या, त्या जाळायच्या, आणि चाळीस दिवसांचा उपास सुरू होतो त्या बुधवारी तीच राख कपाळाला लावायची.

"आसं का पर?" परशरामांनी विचारलं. "ज्येनं देवाला ओवाळलं, तेच जाळायचं?"

इनासचे हात थांबले. "येसू गाढवावर बसून गावात आला तवा लोकांनी ह्या झावळ्या हलीवल्या. रस्त्यात आंगावरची कापडं आंथरली. राजा म्हणाले त्येला. तो रविवार. आन् शुक्रवारी त्याच लोकांनी वरडून सांगितलं, टांगा ह्येला. पाच दिवस गेले मधी, पाव्हणं. पाचच. आपला हात बी तसलाच हाय, ह्ये ध्येनात ऱ्हावं म्हणून ती राख."

परशराम झावळीकडं बघत होते.

"तुमच्या डोक्याला फेटा मीच बांधलावता," ते म्हणाले. "आन् म्हैन्याच्या आत तोंड फिरीवलं."

"मी बी तेच केलं की."

"दवाखान्याच्या फाटकापातूर आलतो मी. आत आलो न्हाय."

यशोदाबाईंनी चमकून नवऱ्याकडं बघितलं. इनासनी पात्या बाजूला ठेवल्या. त्यांचंही एक सांगायचं राहिलं होतं, आणि ते त्यांनी मान खाली घालून सांगितलं. राखेच्या बुधवारी त्यांनी तंबाखू सोडली, चहा सोडला. बायको म्हणाली, ते सोडणं सोपं आहे, बेळगुंदीचा राग सोडा. सणाच्या आत बेळगुंदीला जाऊन यायचं, असं त्यांनी फिलोमीनबाईंपुढं कबूल केलं. आज सदतीस दिवस झाले, आणि ते अजून निपाणीच्या स्टँडपर्यंतसुद्धा गेले नव्हते. कालचा फोन त्यावरूनच होता. बापाला हाताला धरून नेता येईल का, हे बघायला लवीना आली होती, आणि सकाळपासून बाप झावळ्यांचं निमित्त करून परसात लपत होता.

"मेलो म्हणून तुमी आला," इनास म्हणाले. "जिता हाय म्हणून मला येता यायला पायजे हुतं."

*

जेवणावरून मात्र पेच पडला. शुक्रवार असल्यामुळं फिलोमीनबाईंकडं नुसती पेज होती, तीही तिघांपुरती. आणि यशोदाबाई आपलं गाठोडं कुणाला सोडू देईनात. मयतासाठी केलेली भाकरी जित्या माणसाच्या घरात उघडायची नसते. जाताना ती वाटेतल्या गाईला घालायची, असं त्यांनी ठरवलं होतं. चुकीनं का होईना, एका चांगल्या माणसाच्या नावानं आपण कडू घास रांधला, हे त्यांना आत कुठंतरी टोचत होतं, आणि त्यांनी इनासची हात जोडून माफीही मागितली.

"सोडा ते गाठोडं," इनास म्हणाले. "आमच्यात मयत हाईच की. पुढच्या शुक्रवारी. दरसाल आसतंय."

"आन् मग?"

"तिसऱ्या दिवशी उठतोय. म्हणून आमच्याकडं कडू घास कडू ऱ्हात न्हाय."

यशोदाबाईंनी यावर थोडा विचार केला. मग नवऱ्याकडं बघितलं. परशरामांनी स्वतःच फडक्याची गाठ सोडली. पिठलं गार झालं होतं, भाकऱ्या मऊ पडल्या होत्या. त्यात मांस नव्हतं, मासा नव्हता, तूपसुद्धा नव्हतं. या माणसांच्या उपासाला मुद्दाम रांधलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं. लग्न ठरवायला आले तेव्हासुद्धा या घरात परशरामांनी पाण्याचा तांब्याही तोंडाला लावला नव्हता. आज फिलोमीनबाईंनी तांब्या पुढं केला तेव्हा त्यांनी तो निम्मा संपवूनच खाली ठेवला. पेजेचे पाच वाटे झाले.

जेवताना यशोदाबाईंचे प्रश्न चालूच होते. चाळीस दिवस कशावरून मोजायचे, रविवार धरायचा की नाही, फोन बंद ठेवणं हे देवानं सांगितलंय की लवीनानं काढलंय. फोनचं माझंच, असं लवीनानं कबूल केलं. तो एक उपास तेवढा घरी सांगून करत जा, असं सासूनं बजावलं. कुणी काही विचारायचं नाही, हा नियम त्या दुपारी कुणी रद्द केला नाही, पण तो कुणाला आठवलाही नाही.

चारची बस धरायची होती. इनासनी एव्हाना झावळीच्या पातीचा बोटाएवढा क्रूस विणला होता. तो त्यांनी यशोदाबाईंना नुसता दाखवला. रविवारी फादर पाणी शिंपडतील, मग लवीनाबरोबर पाठवून देतो, म्हणाले.

"पाठवू नका," परशराम म्हणाले. "घेऊन या. माजघरात देव्हाऱ्याशेजारी खिळा रिकामा हाय."

लवीना ताटं उचलत होती. माजघर हा शब्द ऐकून ती तशीच थांबली. मग ती आत गेली आणि नळ सोडून बराच वेळ एकच ताट धूत राहिली.

इनास व्याह्यांना सोडायला फाटकापर्यंत आले. चाळीस पावलांत त्यांना धाप लागली होती. यशोदाबाईंनी पदर सावरला आणि सवयीनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं, की गप्प चला. मग त्यांचं त्यांनाच आठवलं, आणि त्यांनी हात काढून घेतला.

"येतो, पाव्हणं," परशराम म्हणाले.

फाटकाबाहेर जाऊन ते परत वळले आणि पुन्हा येतो म्हणाले. रिक्षात बसल्यावर त्यांनी डोकं बाहेर काढलं. इनास अजून तिथंच, फाटकाचा दांडा धरून उभे होते.

"येतो."

"या," इनास म्हणाले.